जुन्या पिकअपची लिफ्ट आणि मोठे टायर: तीन इंचांमागचे गणित

जुन्या पिकअपला तीन इंचांची सस्पेन्शन लिफ्ट, म्हणजे स्प्रिंगच्या भागात बदल करून गाडी उंच करणारी जोडणी, बसवली, तर तिचा मागचा एक्सल जमिनीपासून किती वर जातो? हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे आणि बहुतेकांनी तीन इंच असेच उत्तर दिले आहे. खरे उत्तर शून्य आहे. मागचा एक्सल दोन्ही चाकांना थेट जोडलेला असतो आणि लिफ्टमुळे वाढते ते एक्सल आणि चॅसी, म्हणजे गाडीचा पोलादी सांगाडा, यांच्यामधले अंतर. खडकाळ रस्त्यावर जो भाग सर्वांत आधी दगडाला घासतो, तो म्हणजे एक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) फुगीर भाग, आणि तो लिफ्टपूर्वी जिथे होता तिथेच राहतो. तो वर उचलायचा तर टायरच मोठा हवा, आणि टायर जेवढा मोठा केला त्याच्या निम्मी उंचीच एक्सलच्या वाट्याला येते.

मग लिफ्ट कशासाठी करायची? मोठा टायर मडगार्डच्या आत बसावा, वळताना आणि खड्ड्यात दबताना तो कुठे घासू नये, आणि चढाच्या तोंडाशी बंपर किंवा उंचवट्यावर गाडीचे पोट टेकू नये, एवढ्यासाठी लिफ्ट असते. हा हेतू स्पष्ट असला की किती इंच पुरेत याचा निर्णय सोपा होतो, कारण प्रत्येक वाढीव इंच गाडीखालच्या डझनभर सांध्यांचे कोन बदलतो आणि ते कोन कारखान्यात विचारपूर्वक ठरवलेले असतात. या लेखात मी मुख्यतः या कोनांविषयीच लिहिणार आहे.

उदाहरण म्हणून 1995 ते 2004 या काळात अमेरिकेत विकली गेलेली पहिल्या पिढीची टोयोटा टॅकोमा घेतो. अमेरिकेतल्या डोंगराळ आणि वाळवंटी रस्त्यांवर या कामासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जुन्या पिकअपांपैकी ती एक आहे, आणि माझ्याकडे 2002 सालची फोर-व्हील-ड्राइव्ह टॅकोमा असल्यामुळे तिच्याखाली पाठीवर पडून मी बरेच रविवार घालवले आहेत. तिची रचना साधी आहे. पुढे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या आर्मवर टांगलेले असून त्यांच्यामध्ये शॉकअब्सॉर्बरभोवती गुंडाळी स्प्रिंग आहे, तर मागे अखंड एक्सल आणि त्यावर कमानपाटे आहेत. इतर कंपन्यांच्या त्या काळातल्या पिकअपांना यातले बरेचसे लागू पडते, मात्र ज्यांच्या पुढच्या बाजूला गुंडाळी स्प्रिंगऐवजी पीळ घेणारी टॉर्शन बार असते त्यांची उंची वाढवण्याची पद्धत वेगळी आहे.

आधी टायरचे आकडे वाचायला शिकू, कारण बाकी सगळा हिशोब त्यांच्यापासून सुरू होतो. माझ्या गाडीला मूळचे 265/70 आर 16 टायर होते. यातला 265 हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, 70 म्हणजे रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतची टायरची भिंत रुंदीच्या 70 टक्के उंच आहे, आणि 16 म्हणजे रिमचा व्यास इंचांत. भिंतीची उंची 185.5 मिलिमीटर येते, ती वर आणि खाली दोनदा धरायची, त्यात रिमचे 406.4 मिलिमीटर मिळवायचे, म्हणजे पूर्ण टायरचा व्यास 777 मिलिमीटरच्या आसपास, सुमारे 30.6 इंच होतो. लोक ज्याला बोलताना ‘तेहतीस’ म्हणतात तो टायर बहुधा 285/75 आर 16 असतो आणि त्याचा व्यास याच पद्धतीने 834 मिलिमीटर, म्हणजे 32.8 इंच भरतो. दोघांतला फरक 56 मिलिमीटरचा असल्याने डिफरन्शियल जमिनीपासून वर जाते ते फक्त 28 मिलिमीटर, एका इंचाहून जरासे जास्त. एवढ्या एका इंचासाठी पुढचा सगळा खटाटोप आहे, हे पैसे खर्च करण्याआधी मनाशी पक्के असलेले बरे.

लिफ्टचे दोन मूळ प्रकार आहेत. बॉडी लिफ्टमध्ये चॅसी आणि वरची बॉडी यांच्यामध्ये जाड गोल ठोकळे घालून फक्त बॉडी उचलली जाते. सस्पेन्शनचे कोन त्यात बदलत नाहीत, पण स्टीअरिंगचा दांडा, रेडिएटरमागचे पंख्याचे आवरण आणि बंपर यांची जुळणी करावी लागते, आणि पोट जमिनीपासून वर जात नाही. आपला विषय दुसरा प्रकार, सस्पेन्शन लिफ्ट, हा आहे.

पण गाडी वीस-पंचवीस वर्षांची असेल, तर लिफ्टचे खोके उघडण्याआधी तिची तपासणी करणे हेच सर्वांत महत्त्वाचे काम आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि मोठ्या सरोवरांच्या परिसरात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते चॅसीच्या पोकळ भागांत शिरून आतून गंज धरवते. टॅकोमाच्या बाबतीत हा प्रश्न इतका गंभीर होता की 2008 मध्ये टोयोटाने 1995 ते 2000 या वर्षांच्या गाड्यांच्या चॅसीला गंजाने भोक पडण्यावरची हमी 15 वर्षांपर्यंत वाढवली, आणि ज्या गाड्या दुरुस्तीपलीकडे गेल्या होत्या त्या बाजारभावाच्या दीडपट किमतीला परत विकत घेतल्या. नंतरच्या वर्षांच्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. म्हणून एक हातोडी घ्यावी आणि चॅसीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर पुढून मागे टिचकी मारल्यासारखे ठोकत जावे. चांगले पोलाद घंटेसारखा स्वच्छ आवाज देते. जिथे आवाज भरड आणि दबका येतो, किंवा हातोडीखाली पापुद्रे सुटून पडतात, तिथे आतून पोलाद खाल्ले गेलेले असते. मागच्या कमानपाट्यांची टोके जिथे शॅकलला (पाटा झुलता धरणाऱ्या कडीला) टांगतात ती जागा आणि सुट्या चाकाच्या (स्टेपनीच्या) वरची आडवी पट्टी यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण चिखल साचून राहतो तो तिथेच. जिच्या चॅसीत स्क्रूड्रायव्हर आरपार जातो त्या गाडीला लिफ्ट करू नये. लिफ्टनंतर चॅसीवर येणारे धक्के वाढतात, कमी होत नाहीत.

दुसरी तपासणी पुढच्या बॉल जॉइंटची, म्हणजे चाकाला आर्मशी जोडणाऱ्या गोळा-वाटीच्या सांध्याची. या गाडीत खालचा बॉल जॉइंट अशा रीतीने बसवला आहे की गाडीचे वजन त्यातला गोळा वाटीत दाबून धरत नाही, तर वाटीतून बाहेर ओढत असते. झिजलेला जॉइंट अशा रचनेत फार वेळ इशारा देत नाही. एखाद्या वळणावर गोळा निसटतो आणि चाक मडगार्डखाली आडवे होते. याच जॉइंटच्या सदोष उत्पादनामुळे 2005 मध्ये टोयोटाने 2001 ते 2004 या वर्षांच्या टॅकोमा परत बोलावल्या होत्या. लिफ्टमुळे हा जॉइंट सतत तिरक्या स्थितीत काम करतो आणि मोठ्या टायरचा ताणही त्याच्यावरच येतो, म्हणून त्याच्या वयाविषयी जराही शंका असेल तर मूळ कंपनीचा नवा जॉइंट घालून मगच पुढे जावे. इथे स्वस्त पर्याय शोधू नये. आर्मचे रबरी बुश, स्टीअरिंगच्या रॅकचे बुश आणि चाकांचे बेअरिंगही याच वेळी हलवून पाहावेत.

आता पुढच्या बाजूच्या लिफ्टकडे येऊ. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांच्या एकत्र जोडणीच्या) डोक्यावर, चॅसीला तो जिथे बोल्टने बसतो तिथे, धातूचा किंवा कठीण प्लास्टिकचा चकतीसारखा स्पेसर घालणे. स्ट्रट खालच्या आर्मवर चाकापासून बराच आत टेकलेला असतो, त्यामुळे तरफेच्या नियमाने एक इंचाचा स्पेसर चाकापाशी जवळपास दुप्पट उंची देतो. हे सोपे दिसते, पण इथे काय घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. शॉकअब्सॉर्बरची लांबी तीच राहिली, फक्त तो सगळाच्या सगळा खाली सरकला. म्हणजे चाक आता मूळ रचनेपेक्षा जास्त खाली लोंबकळू शकते आणि त्या टोकाला बॉल जॉइंट व एक्सलचे सांधे ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाकतात. उलट दिशेने, मोठ्या खड्ड्यात चाक पूर्ण वर दबले, तर रबरी बंपस्टॉप आर्मला अडवण्याआधीच शॉकअब्सॉर्बर आतून तळाला आपटू शकतो.

दुसरा उपाय स्प्रिंगच बदलण्याचा किंवा तिची खालची बैठक वर उचलण्याचा आहे. बिल्स्टाइन कंपनीचे 5100 या क्रमांकाचे शॉकअब्सॉर्बर याच तत्त्वावर चालतात. त्यांच्या नळीवर खाचा असतात, स्प्रिंगची बैठक पेलणारी कडी वरच्या खाचेत बसवली की गाडी तेवढी उंच उभी राहते. ऑस्ट्रेलियातल्या ओल्ड मॅन इमूसारखे संच जरा लांब आणि वेगळ्या ताकदीची स्प्रिंग आणि तिला जुळणारे शॉकअब्सॉर्बर एकत्र देतात. या पद्धतीत शॉकअब्सॉर्बरची लांबी चाकाच्या हालचालीची मर्यादा ठरवते, म्हणून सांधे वाजवीपेक्षा जास्त वाकत नाहीत. पण चाकाला खाली जायला उरलेली जागा कमी होते, आणि बैठक फारच वर नेली तर गतिरोधकावरून उतरताना शॉकअब्सॉर्बर आपल्या टोकाला जाऊन ‘ठक्’ असा आवाज देऊ लागतो. तो आवाज येत असेल तर गाडी गरजेपेक्षा उंच उभी आहे. माझे मत विचाराल तर जुळवलेल्या संचावर अडीच इंचांपर्यंत थांबावे आणि स्पेसरचा विचार सोडून द्यावा.

स्ट्रट सुटा करताना एक गोष्ट जिवावर बेतू शकते. स्प्रिंग दबलेल्या अवस्थेत वरच्या एका नटाने अडवून धरलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने तिला पूर्णपणे आवळल्याशिवाय तो नट कधीही सैल करू नये, कारण सुटलेली स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी उडते. ज्यांच्याकडे भरवशाचे अवजार नाही त्यांनी स्ट्रट काढून गॅरेजमध्ये न्यावेत आणि जोडून आणावेत. गाडीही केवळ जॅकवर उभी ठेवून तिच्याखाली जाऊ नये, चॅसीखाली मजबूत स्टँड असलेच पाहिजेत.

पुढचा एक्सल अखंड नसून डिफरन्शियल चॅसीला बसवलेले असते आणि तिथून दोन आखूड शाफ्ट सीव्ही जॉइंटमधून, म्हणजे वाकलेल्या अवस्थेतही सारख्या वेगाने फिरणाऱ्या सांध्यांमधून, चाकांकडे जातात. गाडी उंच झाली की डिफरन्शियल चॅसीबरोबर वर जाते, चाक खालीच राहते, आणि शाफ्टचा उतार वाढतो. त्या सांध्यावर घडीघडीचा रबरी बूट असतो. कोन वाढला की त्याच्या घड्या एका बाजूला एकमेकींवर घासू लागतात, काही महिन्यांत रबर चिरते, फिरत्या सांध्यातले ग्रीस रिमच्या आतल्या बाजूवर उडते, आणि त्या जागी धूळ शिरली की सांधा वळताना ‘कट कट’ वाजायला लागतो. या पिढीच्या बहुतेक गाड्यांत हे शाफ्ट फोर-व्हील न लावतासुद्धा चाकांबरोबर फिरत राहतात, म्हणून फोर-व्हील क्वचितच वापरतो या समजुतीत राहू नये. काही जण डिफरन्शियल सुमारे एक इंच खाली आणणारे स्पेसर त्याच्या बैठकीत घालून हा उतार कमी करतात आणि अडीच इंचांच्या पुढे ते करणे शहाणपणाचे आहे.

पुढची उंची बदलली की चाकांचे अलाइनमेंट बिघडते, यात अपवाद नाही. चाकांची टोके आत किंवा बाहेर वळतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॅस्टर कमी होतो. सायकलचा पुढचा दांडा जसा मागे झुकलेला असतो आणि त्यामुळे हात सोडला तरी चाक सरळ राहू पाहते, तसाच झुकाव मोटारीच्या चाकाच्या वळण्याच्या आसालाही दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. तो कमी झाला की महामार्गावर गाडी इकडेतिकडे भरकटते आणि वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप मध्यावर येत नाही. टॅकोमात तो दुरुस्त करायचा तर खालच्या आर्मचे कॅम बोल्ट, म्हणजे फिरवले की आर्म थोडा सरकवणारे बोल्ट, फिरवावे लागतात. पंचवीस वर्षांच्या गाडीत हे बोल्ट बुशच्या आतल्या पोलादी नळीला गंजाने इतके चिकटलेले असतात की पान्याच्या लांबीला पाइप जोडूनही ते हलत नाहीत. माझी गाडी अलाइनमेंटच्या एका दुकानातून अशीच परत आली होती. पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी त्या बोल्टांवर गंज सुटवणारे तेल मारले, तरी चारांपैकी तीनच सुटले आणि चौथा शेवटी बुशसकट कापून काढावा लागला. म्हणून नवे कॅम बोल्ट आणि बुश आधीच मागवून ठेवावेत. मूळचे वरचे आर्म ठेवून हवा तेवढा कॅस्टर मिळतच नसेल, तर वेगळ्या कोनाचे वरचे आर्म घालणे हाच उपाय उरतो.

मागच्या बाजूला मार्ग तीन आहेत. एक्सल आणि कमानपाटे यांच्यामध्ये पोलादी ठोकळा घालता येतो, पाट्यांच्या जुडीत एक जादा पाटा वाढवता येतो, किंवा संपूर्ण जुडीच नवी घेता येते. ठोकळ्याने भागते, पण पाय लांब केलेल्या टेबलासारखी गत होते, जोराने गाडी पळवताना एक्सल स्वतःभोवती पिळला जातो आणि पाट्यांचा इंग्रजी ‘एस’ आकार होतो. एकावर एक असे दोन ठोकळे कधीच रचू नयेत. जादा पाट्याने ताकद वाढते, मात्र रिकामी गाडी कडक चालते. या गाड्यांचे मूळ पाटे इतक्या वर्षांत बहुधा सपाट झालेले असतात, काहींत एखादा पाटा तुटलेलाही सापडतो, म्हणून ज्याला गाडी ठेवायची आहे त्याने नवी जुडी घ्यावी असे मला ठामपणे वाटते. कमानपाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात, कारण एकदा पूर्ण ताणले गेलेले बोल्ट दुसऱ्यांदा तेवढा ताण धरत नाहीत. आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. कडक पाट्यांमुळे गाडीची मान्य भारक्षमता वाढत नाही, कारण ती क्षमता चॅसी, एक्सल, ब्रेक आणि चाके या सर्वांवरून कंपनीने ठरवलेली असते.

मागे उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा, उतारही वाढतो. शाफ्टच्या टोकांना असलेला यू-जॉइंट वाकलेल्या अवस्थेत फिरतो तेव्हा एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दोन्ही टोकांचे जॉइंट सारख्याच कोनात वाकलेले असतील तर एकाने केलेली चूक दुसरा भरून काढतो आणि आतल्या माणसाला काही जाणवत नाही. हा सारखेपणा मोडला की थरथर सुरू होते. लांब कॅबच्या टॅकोमात शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मधोमध तो एका बेअरिंगवर टेकलेला असतो, म्हणून लिफ्टनंतर सिग्नलवरून निघताना खालून हादरे येऊ लागतात. ते मधले बेअरिंग छोट्या स्पेसरने थोडे खाली आणले की बहुतेक वेळा हादरे थांबतात.

सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा भाग मागच्या एक्सलच्या वर दडलेला आहे. तिथे मागच्या ब्रेकचा दाब भार पाहून ठरवणारी एक झडप असते आणि तिची बारीक दांडी एक्सलला जोडलेली असते. गाडी रिकामी असली की चॅसी एक्सलपासून उंच राहते, दांडी खाली ओढली जाते, आणि झडप मागच्या ब्रेकला कमी दाब देते, कारण हलक्या मागच्या चाकांना जास्त ब्रेक लागला तर ती घसरतात. सामान भरले की चॅसी खाली येते आणि झडप दाब वाढवते. आता गाडी तीन इंच उंच केली. झडपेला वजन कळत नाही, तिला फक्त अंतर कळते, त्यामुळे पाठीवर अर्धा टन माल असला तरी ती गाडीला रिकामीच समजते आणि थांबवण्याचा जवळपास सगळा भार पुढच्या ब्रेकवर टाकते. उपाय साधा आहे. दांडीचे एक्सलवरचे टोक ज्या पट्टीला जोडलेले आहे, ती पट्टी लिफ्टइतकीच उंच करणारा ब्रॅकेट मिळतो किंवा चांगला मिस्त्री तो बनवून देतो. हे काम केल्याशिवाय लिफ्ट पूर्ण झाली असे मानू नये.

ब्रेकच्या रबरी नळ्या, हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर आणि डिफरन्शियलची हवा खेळवणारी बारीक नळी यांची लांबीही पाहावी लागते. चॅसी स्टँडवर ठेवून चाके पूर्ण लोंबकळू द्यावीत आणि त्या स्थितीत यातले काही ताणले तर जात नाही ना, हे पुढची चाके दोन्ही टोकांना वळवून हाताने चाचपावे. ताणलेली ब्रेकनळी त्या दिवशी फुटत नाही, सहा महिन्यांनी घाटात फुटते.

बोल्ट आवळताना एक नियम पाळावा, जो घरी काम करणारे हमखास विसरतात. आर्मचे आणि कमानपाट्यांच्या टोकांचे रबरी बुश हे त्यांच्या पोलादी नळीला चिकटवलेले असतात, ते घसरत नाहीत, रबराचा पीळ सोसून हालचाल करतात. गाडी हवेत असताना ते बोल्ट आवळले, तर चाके जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते, शिवाय गाडी अपेक्षेपेक्षा उंच आणि कडक वाटते. हे बोल्ट आधी फक्त सैलसर लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी, बंपर दाबून तिला दोन-चार वेळा हिंदकळवावे, आणि मगच कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या मापाने, आवळावेत.

मोठा टायर मडगार्डमध्ये मावतो का, हे गाडी सपाट जमिनीवर उभी असताना समजत नाही. एका पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवून ते दाबावे, स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, आणि मागेपुढे गाडी हलवून पाहावी. टायरच्या कडेवर खडू फासून ठेवला तर घासण्याची जागा अचूक कळते. टॅकोमात पुढच्या चाकाच्या मागे बॉडी चॅसीवर टेकते तो ब्रॅकेट तेहतिशीला हमखास लागतो. काही जण तो कापून पुन्हा वेल्ड करतात, पण ते काम भरवशाच्या वेल्डरचेच आहे. 265/75 आर 16, म्हणजे 31.6 इंचांचा टायर, अडीच इंचांच्या लिफ्टवर किरकोळ छाटणीत बसतो, आणि ज्यांची गाडी रोज कामालाही जाते त्यांना मी तोच सुचवतो. रिम बदलत असाल तर ऑफसेट, म्हणजे रिमच्या बैठकीमुळे चाक किती आत किंवा बाहेर बसते ते, पाहावा. चाक जितके बाहेर येईल तितके ते वळताना मोठा फेरा घेऊन मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला भिडते आणि बेअरिंगवरचा ताणही वाढतो. सुटे चाक त्याच मापाचे घ्यावे आणि ते गाडीखालच्या जागेत मावते का हे विकत घेण्याआधी मोजावे.

मोठ्या आणि जाड थरांच्या टायरचे वजन मूळ टायरपेक्षा प्रत्येकी 7 ते 10 किलोंनी सहज जास्त असते, आणि हे वजन फिरणारे आहे. इंजिनाला ते फिरवायला आणि ब्रेकला ते थांबवायला जास्त कष्ट पडतात. व्यास 7 टक्क्यांनी वाढला म्हणजे तेवढ्याच ब्रेकच्या पिळातून जमिनीवर मिळणारे बळ 7 टक्के घटते. गिअरचेही तसेच होते. मागच्या एक्सलचे गुणोत्तर 4.10 असेल तर 30.6 वरून 32.8 इंचांवर जाताना ते 3.82 असल्यासारखे वागते, म्हणजे चढावर आधी ज्या गिअरमध्ये गाडी चढत होती त्यात ती आता दमते. गिअर बदलायचे ठरवले, तर फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर सारखेच हवे, त्यामुळे खर्च दोन्हीकडे येतो. स्पीडोमीटर 60 मैल दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात 64 मैलांहून थोड्या अधिक वेगाने धावत असते. ओडोमीटरही कमी अंतर मोजतो, म्हणून तेल बदलण्याची वेळ आणि मायलेज काढताना 7 टक्के मिळवून धरावेत.

कायद्याकडे येतो. अमेरिकेत हे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात गाडीच्या भारासह कमाल वजनानुसार चॅसीची उंची ठरवून दिली आहे आणि 4,501 ते 7,500 पौंडांच्या गटात, ज्यात फोर-व्हील टॅकोमा येते, ती जमिनीपासून 30 इंचांहून जास्त असू नये. इतर राज्यांतल्या वाचकांनी आपल्या राज्याचा नियम पाहावा आणि विमा कंपनीला बदलांची लेखी माहिती द्यावी. महाराष्ट्रात जुनी इसुझू व्ही-क्रॉस किंवा महिंद्रा कॅम्पर पिकअप बाळगणाऱ्या वाचकांसाठी मात्र हा लेख केवळ समजून घेण्यापुरता आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्टपणे मांडली, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे.

काम झाल्यावर त्याच दिवशी हेडलाइटचा झोत खाली आणावा, कारण उंच झालेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत थेट प्रकाश टाकते. पहिले काही दिवस गाडी शांतपणे चालवावी, जोरात वळणे घेऊ नयेत, कारण तिचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो आणि हाताला जुन्या गाडीची सवय असते. नवी स्प्रिंग आणि पाटे थोडे बसतात, म्हणून सुमारे 500 मैलांनी यू-बोल्ट, स्ट्रटचे नट आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत आणि त्यानंतर अलाइनमेंट दुसऱ्यांदा करावे. मी प्रत्येक नट आवळून झाला की नटापासून बोल्टच्या टोकापर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ मारतो. पुढच्या वेळी गाडीखाली वाकून टॉर्च फिरवला की एखादा नट सुतभर जरी फिरला असेल तरी ती रेघ तुटलेली दिसते.